आडनाव प्रिन्स

गेल्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले, की एका जर्मन राजघराण्यातल्या माणसाला मी आमच्या घराच्या शाकारणीला जुंपलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं जर्मन पर्यटकांबरोबर दुभाषी म्हणून हिंडले. आता वेंगुर्ल्यात ते सगळं ऐकवायला माझी आई आणि एक मांजर, एवढीच मंडळी उरलीत. म्हणून हा अंक राजेरजवाड्यांना. जर्मनीत नोकरी कशी मिळेल हे विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : मालवणजवळ आमचं होमस्टे आहे. डिसेंबरात एक जर्मन जोडपं उतरलं होतं. परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा सी-फॉर्म भरताना पाहिलं, तर पासपोर्टवर नवऱ्याच्या आडनावाच्या जागी 'प्रिन्स', त्यापुढे 'त्सू' आणि गावाचं नाव. बायकोच्या आडनावात 'प्रिन्सेसिन'. मुलगी नाचायलाच लागली, आपल्याकडे राजपुत्र आलाय म्हणून. आई म्हणाली, "राजो कसलो गे, आपली बशी आपणच धुतल्यान!" खरं काय समजायचं? आणि फॉर्मात पदवी लिहायची राहिली, त्याचं काही होईल का?
— एक होमस्टेचालक, मालवण तालुका

उत्तर : काही होणार नाही. पासपोर्टवर आडनाव म्हणून जे छापलंय तेच तुम्ही लिहिलंत. पदवीचा रकाना शोधू नका, कारण जर्मन कायद्याच्या लेखी ती पदवी नाहीच, आडनाव आहे.

१९१८ च्या नोव्हेंबरापर्यंत जर्मन साम्राज्यात बावीस राजेशाह्या नांदत होत्या. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग ही चार राज्यं, बाकी लहानमोठ्या डची आणि संस्थानं. पहिलं महायुद्ध हरल्यावर काही आठवड्यांत सगळे राजे पायउतार झाले. रशियात झारला कुटुंबासकट गोळ्या घातल्या, तसं इथे एकाही राजाच्या वाट्याला आलं नाही. सॅक्सनीच्या राजाची एक आख्यायिका सांगतात, की जाताना तो म्हणाला, "घ्या, तुमची घाण तुम्हीच निस्तरा." खरोखर म्हणाला की नाही देव जाणे, पण ड्रेस्डेनकडचे लोक हे वाक्य त्यांच्या खास हेलात सांगतात आणि स्वतःच हसतात.

नव्या जर्मन प्रजासत्ताकाच्या, ११ ऑगस्ट १९१९ च्या वायमार राज्यघटनेत १०९ वं कलम आलं. जन्मावरून मिळणारे सगळे विशेषाधिकार बंद. सरदारकीच्या पदव्या यापुढे नावाचा एक भाग, इतकंच. नव्याने कोणालाही द्यायच्या नाहीत. त्यामुळे 'प्रिन्स विल्हेम फॉन प्रॉयसेन', म्हणजे प्रशियाचा राजपुत्र विल्हेम, होता तो 'विल्हेम प्रिन्स फॉन प्रॉयसेन' झाला. शब्द नावाच्या अलीकडून पलीकडे गेला आणि त्यातलं राज्य निघून गेलं. एक गंमत तेवढी राहिली. हे आडनाव बाई-पुरुषाप्रमाणे बदलतं, म्हणून तुमच्या फॉर्मात दोन वेगळी आडनावं आली. शेजारच्या ऑस्ट्रियाने त्याच वर्षी याहून कडक कायदा केला आणि नावातला 'फॉन'सुद्धा उडवला. शेवटच्या ऑस्ट्रियन सम्राटाचा मुलगा ओटो जर्मनीत 'फॉन हाब्सबुर्ग' म्हणून युरोपीय संसदेवर निवडून येत असे, आणि ऑस्ट्रियात नुसता हाब्सबुर्ग-लोथ्रिंगेन.

आपल्याकडे हे कळायला अवघड नाही. देसाई, सरदेसाई, खोत, ही सगळी कधीकाळची हुद्द्यांची नावं. आज एसटीत तिकिटं फाडणारा देसाई असतो आणि त्याला कोणी देसाईगिरी कुठे गेली म्हणून विचारत नाही. तेव्हा मुलीला सांगा, माणूस राजाच्या वंशातला असू शकेल, राजपुत्र मात्र नाही. आणि आईंना सांगा, बशी धुण्यावरून काहीच ठरत नाही. जर्मनीत बशी सगळेच धुतात.

प्रश्न : आमचं घराणं खोतांचं. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, उरलेलं कुळकायद्यात गेलं. चौसोपी घर आहे, त्याला आज चौदा हिस्सेदार, बारा मुंबईत. कौलं बदलायची म्हटलं की कोणी फोन उचलत नाही. त्या जर्मन राजघराण्यांची एवढाली घरं अजून त्यांच्याकडेच आहेत म्हणतात. त्यांना कोणी लुबाडलं नाही का? आणि ते सांभाळतात कसे?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : आधी एक सांगून टाकते. माझे आजोबा कूळ होते. त्यामुळे 'लुबाडलं' या शब्दापाशी माझी लेखणी जरा अडखळते. पण तुमची कौलं हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर आपलं भांडण नाही.

राज्यं गेली तरी मालमत्ता सगळी गेली नाही. राजाची खासगी कुठली आणि राज्याची कुठली, यावर प्रत्येक घराण्याशी वेगळी वाटाघाट झाली. जून १९२६ मध्ये सार्वमत घेतलं, की राजांची मालमत्ता विनामोबदला काढून घ्यावी का. 'हो' म्हणणारे जवळपास १ कोटी ४५ लाख निघाले, पण एकूण मतदारांच्या निम्मे, म्हणजे २ कोटींच्या आसपास लागत होते. राजे वाचले. मग १९४५ मध्ये रशियन फौजांच्या ताब्यातल्या पूर्व भागात १०० हेक्टरांवरच्या जमीनदाऱ्या सरसकट काढून घेतल्या, छदामही न देता. पश्चिमेकडच्यांचं टिकलं, पूर्वेकडच्यांचं गेलं. पूर्वेकडची मंडळी 'पंचेचाळीस साली गेलं' हे ज्या सुरात म्हणतात तो मला ओळखीचा आहे. तुमचा 'कुळकायद्यात गेलं'चाच सूर.

त्या गेलेल्यासाठी प्रशियाच्या होहेनझोलर्न घराण्याने पुढे दावा लावला. आजचे कुटुंबप्रमुख गेओर्ग फ्रीडरिश प्रिन्स फॉन प्रॉयसेन, जन्म १९७६, शेवटच्या कैसरचे, म्हणजे जर्मन सम्राटाचे, खापरपणतू. शिक्षण उद्योगव्यवस्थापनाचं. वडील सैन्यातल्या सरावात जखमी होऊन १९७७ मध्ये वारले, तेव्हा हे एक वर्षाचे. १९९४ चा जर्मन कायदा म्हणतो, भरपाई मिळेल, पण ज्याच्या पूर्वजाने नाझी राजवटीला मोठा हातभार लावला असेल त्याला नाही. झालं, सगळी गोष्ट कैसरच्या मुलावर, युवराज विल्हेमवर येऊन थांबली. त्याने १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उघडपणे हिटलरला मत द्या म्हणून सांगितलं होतं, आणि मार्च १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर झालेल्या पोट्सडामच्या समारंभाला तो हजर होता. त्याचा हातभार 'मोठा' म्हणायचा की नाही यावर इतिहासकारांची बाजू-विरुद्धबाजूची मतपत्रं सादर झाली. पैसे १२ लाख युरो, घराण्याच्या मानाने फार नव्हेत. पण ज्या सेसिलिएनहोफ वाड्यात १९४५ ची पोट्सडाम परिषद भरली, तिथे राहण्याचा हक्कही मागण्यांत होता हे २०१९ मध्ये बाहेर आलं आणि लोक चिडले. मार्च २०२३ मध्ये त्यांनी दावे मागे घेतले. मला विचाराल तर बरं झालं. पणजोबाच्या घरात राहायचा हक्क मागताना पणजोबाचाही हिशेब द्यावा लागतो, हे त्या कायद्याचं मला आवडतं.

याच्या अगदी उलट बव्हेरियाचं घराणं. त्यांचे प्रमुख फ्रान्झ हेरत्सोग फॉन बायर्न १९३३ सालचे. घराणं नाझींच्या विरोधात, म्हणून १९४४ मध्ये घरातल्या अनेकांना पकडलं आणि अकरा-बारा वर्षांच्या या मुलाने साक्सेनहाउझेन, फ्लोसेनब्युर्ग आणि डाखाऊ, तीन छळछावण्या पाहिल्या. पुढे त्यांनी आधुनिक चित्रांचा मोठा संग्रह केला. म्युनिकच्या निम्फेनबुर्ग वाड्याच्या एका भागात ते राहतात. राहतात म्हणजे हक्काने राहतात, मालक म्हणून नव्हे. १९२३ मध्ये तिथल्या सरकारने आणि घराण्याने मिळून एक निधी केला. काही वाडे, जंगलं, कलावस्तू त्या निधीच्या नावे, आणि त्याच्या उत्पन्नातून घराण्याला रक्कम. कोणा एकाच्या सातबाऱ्यावर काही नाही, त्यामुळे हिस्से पाडायलाही काही नाही. राजापूरकर, हे वाक्य दोनदा वाचा.

कारण वारसांची भांडणं तिकडेही आहेत. होहेनझोलर्नांचा घरातला नियम असा होता, की बरोबरीच्या घराण्यात लग्न केलं नाही तर वारसा नाही. त्यात दोन वडीलधारे काका गळले आणि सगळं पुतण्याकडे आलं. कोर्टबाजी देशाच्या सर्वोच्च घटना न्यायालयापर्यंत गेली. २००४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की असली अट माणसाच्या लग्नाच्या स्वातंत्र्यावर दडपण आणते, खालच्या कोर्टांनी पुन्हा विचार करावा. एवढं होऊन वारसा पुतण्याकडेच राहिला. हानोव्हरच्या घराण्यात तर बाप आणि लेक समोरासमोर. मारिएनबुर्ग नावाचा परीकथेतल्यासारखा वाडा बापाने मुलाला दिला. मुलाने २०१८ मध्ये हिशेब केला, दुरुस्तीला सुमारे २ कोटी ७० लाख युरो लागतात. तो सरकारला एक युरोत द्यायला निघाला. एक युरो, म्हणजे तिकडे साधा चहाही येत नाही. बापाने हरकत घेतली. शेवटी वाडा एका प्रतिष्ठानाकडे गेला.

हेसेच्या घराण्याने शहाणपणा केला. कैसर विल्हेमच्या आईने बांधलेला क्रोनबेर्गचा वाडा १९५४ पासून हॉटेल आहे; शिवाय त्यांचे द्राक्षमळे आहेत आणि वाइन निघते. सावंतवाडीचा राजवाडा पाहिलेल्यांना हे नवं वाटणार नाही. आपल्याकडेही भोसल्यांनी दरबारात गंजिफा रंगवणारे बसवले आणि राजवाड्यात पाहुणे ठेवले. आणि हेशिंगेनजवळचा होहेनझोलर्न किल्ला चालतो तो तिकिटांवर. वर्षाला तीन लाखांच्या वर माणसं येतात. मालकी दोन तृतीयांश प्रशियाच्या शाखेची, एक तृतीयांश श्वाबेनच्या शाखेची. मी तिथे गेले होते, पायथ्याला गाड्या लावून छोट्या बसने वर जावं लागतं. माझ्या गटातले सगळे प्रशियाचा मुकुट बघत होते आणि मी दगडी भिंतीतल्या सांध्यांकडे. १९७८ च्या भूकंपात किल्ल्याला तडे गेले होते आणि दुरुस्ती वर्षानुवर्षं चालली होती.

सांध्यांकडे बघायची सवय मला त्या शाकारणीवाल्या पाहुण्याने लावली. नाव देत नाही. मध्य जर्मनीतल्या एका जुन्या सत्ताधारी घराण्याच्या धाकट्या पातीतला, पेशाने वनअधिकारी. शहाण्या माणसाने येऊ नये अशा मे महिन्यात एकटाच आला, हम्पी-गोवा करून वेंगुर्ल्याला. आमच्याकडे जेवायला आणलं, तर माळ्याला शिडी लावलेली, गडी नळे उतरवतोय, आई खालून ओरडतेय. हा बूट काढून वर चढला. वासे बोटांनी दाबून पाहिले, एका वाशाला कान लावला. मला वाटलं ऊन लागलं. म्हणाला, यात कीड चालू आहे. आणि खरंच होती, वाळवी! पुढचे दोन तास तो नळे खालून वर देत बसला. घामाने निथळला, पण खाली यायला तयार नाही. जेवताना सांगितलं, की त्याच्या चुलतभावाकडे जो वाडा आहे त्याच्या छपराचं क्षेत्रफळ त्याला तोंडपाठ आहे, खोल्या किती ते मात्र कोणी मोजलेलं नाही. दर वर्षी छपराचा एक तुकडा करायचा, पैसे असतील तेवढा. सगळं छप्पर करून होईपर्यंत पहिला तुकडा पुन्हा गळायला लागतो. लहानपणी पावसाळी रात्री त्याला आणि बहिणींना बादल्या घेऊन माळ्यावर पाठवत. आई म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखाच की हो!" मी भाषांतर केलं. त्याने सोलकढीची वाटी तिच्याकडे उंचावली.

तेव्हा राजापूरकर, तुमच्या चौदा जणांना एकत्र बसवून न्यास करता येतो का, हे चांगल्या वकिलाला विचारा. तोवर दर वर्षी एक तुकडा. पडवीपासून सुरुवात करा. पाणी आधी तिथेच मुरतं.

प्रश्न : कॉलेजच्या सहलीत थिबा राजवाडा पाहिला. परक्या गावात वारलेल्या राजाचं वाईट वाटलं. जर्मन कैसरही असाच परदेशात वारला, असं सरांनी सांगितलं. दोघांची तुलना करता येईल का?
— द्वितीय वर्ष कला, रत्नागिरी

उत्तर : करा, पण सामान मोजून करा. कैसर विल्हेम दुसरा १० नोव्हेंबर १९१८ ला हॉलंडात पळाला. हॉलंडच्या राणीने आश्रय दिला, दोस्त राष्ट्रांनी खटल्यासाठी मागितला तरी दिला नाही. मागाहून बर्लिनहून त्याचं सामान आलं, आगगाडीचे एकोणसाठ डबे भरून. डोर्न गावात त्याने वाडा विकत घेतला आणि रोज झाडं तोडायचा, लाकडं फोडायचा नाद लावून घेतला. ४ जून १९४१ ला वारला. तोवर हॉलंडही जर्मन फौजांनी घेतलेलं. थडगं तिथेच आहे, आणि युद्धानंतर डच सरकारने वाडा ताब्यात घेऊन त्याचं संग्रहालय केलं.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तो पळाला नव्हता, त्याला आणलं होतं. आज तुम्ही पाहिला तो राजवाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास तयार झाला, म्हणजे आयुष्याची चोवीस-पंचवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेल्यावर. १९१६ मध्ये तो वारला. त्याची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली आणि तिची मुलगी टूटू तुमच्याच गल्लीबोळांत मराठी बोलत म्हातारी झाली. जुन्या रत्नागिरीकरांना ती आठवते. कैसरची नात युरोपातल्या राजघराण्यांत लग्न करून ग्रीसची राणी झाली. थिबाच्या नातीला शेण्या थापाव्या लागल्या. एवढं लिहिलंत तरी निबंध होईल. मात्र 'दोघेही दुर्दैवी' असा शेवट करू नका, सरांना आवडला तरी.

प्रश्न : एका जर्मन राजकुमाराने सरकार उलथवायचा कट केला आणि त्याच्या घरात सगळ्या पुरुषांचं नाव एकच, असं वाचलं. बातमी खरी का?
— एक निवृत्त शिक्षक, दापोली

उत्तर : नावाचा भाग पूर्ण खरा. थ्युरिंगेनमधलं रॉयस घराणं. प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश आणि पुढे आकडा. धाकट्या शाखेत शतक बदललं की आकडे पुन्हा एकपासून, थोरल्या शाखेत शंभर होईपर्यंत मोजत जायचं. तुमच्या-माझ्या घरात आजोबांचं नाव नातवाला देतात, तेव्हा निदान एक पिढी आड जाते.

कटाचं म्हणाल, तर डिसेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी देशभर छापे घालून अनेकांना धरलं. त्यात हाइनरिश तेरावा प्रिन्स रॉयस होता, फ्रँकफुर्टमधला जमीनजुमल्याचा व्यावसायिक. आजचं जर्मन सरकार खरं नव्हेच असं मानणाऱ्या टोळीने संसदेवर चालून जायचं आणि त्याला प्रमुख करायचं, असा आरोप आहे. मे २०२४ मध्ये त्याच्यावर फ्रँकफुर्टमध्ये खटला उभा राहिला. घराण्याने त्याच्यापासून केव्हाच हात झटकले होते.

प्रश्न : जर्मन पदवी विकत मिळते असं ऐकलं. किती पडतात?
— एक उद्योजक, चिपळूण

उत्तर : पदवी नाही, आडनाव. जर्मनीत मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं आणि दत्तकाला आडनाव मिळतं. १९८० मध्ये आनहाल्ट घराण्यातल्या एका वृद्ध प्रिन्सेसने एका धंदेवाल्याला दत्तक घेतलं. तो पुढे हॉलिवुडची नटी झा झा गाबोर हिचा नवरा झाला आणि स्वतःला प्रिन्स म्हणवून घेऊ लागला. खऱ्या घराण्यांची आपसात एक समिती आहे, ती असल्यांना आपल्यात धरत नाही. पैसे होहेनझोलर्न किल्ल्याच्या तिकिटावर घाला, स्वस्त पडेल.

प्रश्न : (मालवणच्या होमस्टेवाल्यांचंच, मागून आलेलं पोस्टकार्ड.) त्या जोडप्याला कोकम आणि आंबापोळी पाठवायची आहे. 'युअर हायनेस' लिहावं का?

उत्तर : नको. जुन्या वाड्यांतले नोकर अजून म्हणतात, कायदा म्हणत नाही. 'झेअर गेएअर्टर हेर', म्हणजे आदरणीय श्रीयुत, आणि पुढे पासपोर्टवरचं पूर्ण आडनाव, प्रिन्ससकट. पाकिटावर पिनकोड गावाच्या नावाआधी लिहा, तिकडे तो पाच आकडी असतो. आंबापोळी पोचेल की नाही ते कस्टमवाल्यांवर. कोकम मात्र प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा. आगळ गळलं तर पत्ता आधी जातो.